आरशासमोरची पांढरी आकृती

आमची धाकटी लेक अग्निशमन दलात आहे. कुणाला सांगितलं की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, जणू मीच तिला आगीत ढकललं. तिच्याकडे कॅमेरा असतो. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, पण कॅमेऱ्याला उष्णता कळते आणि पडद्यावर माणूस पांढरा उमटतो. तो कॅमेरा आला तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला होता. आता आंधळ्यासारखी तरी आत शिरणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

परवा तिसऱ्या मजल्यावर आग लागली. आत एकट्या राहणाऱ्या आजी अडकल्याचं शेजारी सांगत होते. धाकटी कॅमेरा घेऊन पुढे, मागे तिच्या खांद्याला धरून तिचे वरिष्ठ. त्यांना सगळे दादा म्हणतात. झोपायच्या खोलीत पडद्यावर पांढरी आकृती दिसली. धाकटीने हात हलवला, आकृतीनेही हलवला. ती सरपटत तिथवर गेली आणि तिचा हातमोजा कपाटाच्या आरशावर आपटला. काचेतून उष्णता आरपार दिसत नाही, उलट आपलीच परत येते. हे त्यांना अगदी सुरुवातीला शिकवतात.

आजी पलंगापलीकडे ओली रजई डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. रजईआडची ऊब पडद्यावर उमटलीच नाही. दादांचा पाय अडखळला म्हणून त्या सापडल्या. तोवर त्यांची शुद्ध हरपली होती.

केंद्रावर पोरांनी तिला सोडलं नाही. "काय गं, स्वतःलाच वाचवून आलीस?" तीही हसली म्हणे. घरी मात्र बूट न काढता तशीच बसून राहिली. आजी जगतील की नाही, डॉक्टर काही सांगेनात. कॅमेरा दादांना देते, मी बाहेर पाण्याच्या पाइपवर राहीन, असं ती म्हणाली. बाहेर हा शब्द ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तिच्या ताटातलं तसंच झाकून ठेवताना वाटलं, इतकं बरं वाटायला नको होतं.

आज आजी शुद्धीवर आल्या. मीही तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. धाकटीने बोलताना आढेवेढे घेतले नाहीत.

"आजी, मी आधी आरशाकडे गेले. तुमच्यापर्यंत यायला उशीर केला."

आजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. आवाज पार बसलेला.

"तू म्हणालीस ना, घाबरू नका, मी आलेय? ते आरशाला म्हणत होतीस होय? मला वाटलं, मलाच. म्हणून तर खिडकीकडे गेले नाही. तिकडे सगळं पेटलं होतं, बाळा."

नर्सने मास्क परत लावला आणि आम्हाला बाहेर काढलं.

जिन्यातच धाकटीने दादांना फोन लावला. कॅमेरा माझ्याकडेच राहू द्या म्हणाली, पण यापुढे खोलीच्या कडेकडेने हातानेही चाचपत जायचं. पलीकडून दादा काय बोलले कोण जाणे, ती बराच वेळ नुसती हं हं करत होती. मी कठड्याला धरून उभी राहिले.

उद्या तिची सकाळची पाळी आहे. ती झोपली आहे. मी कणीक भिजवून ठेवली आहे.