सुलूचं स्थळ आणि माझं स्थलांतर

माझ्या एम.फिल.मुळे आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही. माझ्या बहिणीचं लग्न मात्र त्यापायी मोडता मोडता राहिलं.

तेव्हा मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर मानधन, नाही झाला तर नुसतंच तत्त्व! कायम व्हायचं असेल तर एम.फिल. करा, असं कुणीतरी म्हणालं आणि मी एका सरांच्या हाताखाली नाव नोंदवलं. सरांनी चष्म्यावरून मला एकदा न्याहाळलं आणि विषय देऊन टाकला : 'लातूर शहरातील दोन स्थलांतरित समूहांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा तुलनात्मक अभ्यास'.

समूह शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या घरामागच्या एकाच गल्लीत दोन्ही हजर होते. डाव्या बाजूला भूकंपानंतर किल्लारीकडून आलेली कुटुंबं. उजव्या बाजूला कोचिंगसाठी नांदेड, हिमायतनगर, जळकोटकडून आलेल्या आया आणि त्यांची बारावीची लेकरं. डावीकडच्यांनी डोक्यावर स्लॅब म्हणून घ्यायचा नाही अशी आण घेतलेली, त्यामुळे झाडून सगळे पत्र्याखाली. उजवीकडे तीन-तीन मजले, आणि दर खोलीत एक आई, एक लेकरू, एक गॅसची शेगडी आणि भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. गंमत म्हणजे उजवीकडच्या सगळ्यात उंच इमारतीचे मालक डावीकडचेच, बाबाराव नावाचे. लोकांची लेकरं तीन स्लॅबांखाली ठेवून स्वतः समोर पत्र्यात राहायचे. पुढे ओळख झाल्यावर मी त्यांना याचं कारण विचारलं, तर म्हणाले, "ती लेकरं झोपतेतच कवा सर? कायम वाचत बसलेली असतेत. जमीन हलली तर जागी असतील की!"

आता घरचं सांगतो. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आई, मी आणि धाकटी बहीण सुलू. सुलूची आधी दोन स्थळं हातची गेली होती. दोन्ही वेळा पाहुण्यांनी 'भाऊ काय करतो?' असं विचारलं आणि मी तासिका तत्त्व समजावून सांगितलं. (माझी शिकवायची हौस दांडगी.) तिसरं स्थळ नांदेडचं. मुलगा सरकारी नोकरीत, साधा, हसरा. बघायचा कार्यक्रम झाला, पसंती आली, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. पाहुणे गेल्यावर सुलू कधी नव्हे ती आरशासमोर रेंगाळली होती, हे मी पाहिलं होतं. हे स्थळ आता काही झालं तरी जायला नको होतं.

नांदेडकडची सगळी सूत्रं मुलाच्या मामांच्या हातात होती. मामा म्हणजे संशयाचं चालतंबोलतं दुकान! पोहे छान झालेत असं आम्ही म्हणालो तर त्यांनी विचारलं होतं, "कामून? रोज होत न्हाईत का?"

तर मी प्रश्नावली तयार केली आणि झेरॉक्सला इस्माईलभाईंकडे गेलो. इस्माईलभाई पिढ्यान्‌पिढ्याचे लातूरकर, मशिनीत कागद घालण्याआधी तो वाचायची त्यांना सवय. मूळ गाव कोणते? घर स्वतःचे की भाड्याचे? शेती किती, बागायती की कोरडवाहू? मुले किती, नोकरीस कोण, अविवाहित किती? त्यांनी कागद खाली ठेवला.

"सर, ये निकाह का फारम है क्या?"

मी हसलो. अर्धवट शिकलेला माणूस हसण्याशिवाय दुसरं काय करणार?

पहिल्या दिवशी डावी बाजू घेतली. बाबाराव पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. माझ्या हातातला कागद बघताच ते उठून उभे राहिले.

"कोन्या हापिसाचे?"

"कॉलेजचा आहे. माहिती हवी होती."

"कॉलेजाला आमच्या पत्र्याची काय माहिती पायजे?"

"पत्र्याची नाही हो. तुम्ही इथं किती वर्षांपासून राहता?"

"राहतंय कोण? पाव्हणा हाव मी."

"कुणाकडे?"

त्यांनी शेजारच्या घराकडे बोट केलं. मी शेजारी गेलो. ते बाबारावांकडे पाहुणे आलेले! त्यांच्या पुढचे त्यांच्याकडे! अख्ख्या डाव्या बाजूला पाहुणेच पाहुणे, यजमान औषधाला नाही. भूकंपानंतर इतके लोक कागद घेऊन त्यांच्या दारात येऊन गेले होते, की नवा कागद दिसला की ते आपल्याच घरात पाहुणे व्हायचे. लातुरात राहतो असं कबूल केलं तर गावाकडचं पुनर्वसनातलं घर कुणीतरी काढून घेईल, ही धास्ती. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मी मुकाट्यानं रकान्यात 'पाहुणे' असं लिहीत गेलो.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू. इथं वेगळाच संशय : आपल्या लेकराच्या अभ्यासाचा माग काढून कुणी दुसऱ्याच्या लेकराला पुढे काढेल. पहिल्याच दारात एका बाईनं विचारलं, "कोणत्या क्लासचे?"

"क्लासचा नाही हो. संशोधन करतोय. तुमचा मुलगा अभ्यास किती तास करतो?"

"कशाचा अभ्यास? पुस्तकाला हात लावत न्हाई मेला!"

दाराआडून रासायनिक अभिक्रिया पाठ म्हटल्याचा खणखणीत आवाज येत होता. बाईंनी दार ओढून घेतलं. बातमी माझ्या पुढे धावत गेली असावी, कारण त्यानंतर प्रत्येक खोलीत एक उनाड लेकरू निघालं. एका माउलीनं तर मी आत पाय टाकताच नोट्सवर परात पालथी घातली आणि तिच्यात पीठ मळायला घेतलं. (परात पालथी असताना पीठ कसं मळतात, हे मला अजूनही कळलेलं नाही.)

तिसऱ्या मजल्यावर मात्र माझं नशीब फळफळलं. दार उघडलं ते एका धिप्पाड, गंभीर बाईंनी. नांदेडच्या. मुलासाठी खोली करून राहिलेल्या. त्यांनी मला बसवलं, चहा टाकला आणि प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर द्यायला लागल्या. मला गहिवरून आलं.

"कुटुंबात लग्नाची मुलं?"

"माझा तर लहान हाय. बहिणीचा हाय एक."

"नोकरी?"

"सरकारी."

मी 'सरकारी' वर खूण केली. "शेती?"

"कोणाची? माझी का बहिणीची?"

"दोन्ही सांगा." (संशोधकाला हाव फार!)

बाईंनी दोन्ही सांगितल्या. पण आता त्या माझ्याकडे जरा रोखून बघत होत्या. मी आपला खाली मान घालून शेवटच्या प्रश्नावर आलो.

"अधिक चांगलं ठिकाण मिळालं तर सध्याचं सोडाल का?"

"तुम्ही सोडाल का?"

"मी?" मला कुणी मत विचारलं की राहवत नाही. "माझं विचाराल तर माणसानं बघत राहावं. एका ठिकाणी अडकून पडण्यात काय अर्थ आहे? दहा ठिकाणं बघावीत, तुलना करावी आणि मग ठरवावं."

"नाव काय म्हणले तुमचं?"

मी पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट! बाईंनी माझ्यासाठी ओतलेला चहा उचलला आणि मोरीत रिकामा केला. नांदेडकडची रीत असेल असं समजून मी नमस्कार करून निघालो.

ती बाई म्हणजे सुलूच्या होणाऱ्या नवऱ्याची सख्खी मावशी होती. मुलाची चाचणी परीक्षा असल्यामुळे बघायच्या कार्यक्रमाला तिला येता आलं नव्हतं, आणि मला याचा पत्ता असायचं काही कारणच नव्हतं.

मावशीनं गल्लीच्या तोंडावरून नांदेडला फोन लावला. मामांनी तिथून आमच्या घरी लावला. मी नव्हतो. फोन आईनं घेतला. तो संवाद सुलूनं मला नंतर शब्दन्‌शब्द ऐकवला.

"माधवराव कुठं हायेत?"

"स्थळांतराच्या कामाला गेलाय," आई अभिमानानं म्हणाली. "दोन दिस झाले, रोज धा-बारा घरं बघतोय."

"स्थळ... अंतर? म्हणजे?"

इथं आईनं गप्प बसायला हवं होतं. पण मीच तिला आदल्या दिवशी व्याख्या समजावून सांगितली होती, आणि तिची स्मरणशक्ती खणखणीत. "म्हणजे बगा, जुनं ठिकाण सोडायचं आन्‌ जास्ती फायद्याचं धरायचं. त्याच्यातच मोठा व्हणार हाय तो!"

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. आईला वाटलं, लाइन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मामा हजर. सोबत मावशी. मावशीला आमच्या दारात बघताच मला आधी आनंद झाला. (माहिती द्यायला घरी आली, असं वाटलं!) मग तिनं मामांना 'दादा' म्हणून हाक मारली आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"काय करून राहिले तुम्ही, ते आम्हाला समजून राहिलंय," मामा बाजेच्या अगदी कडेवर बसत म्हणाले. "आमच्या पोराला हो म्हणायचं आन्‌ मागून दुसरं बघायचं!"

"मामा, तो अभ्यास आहे. तुलनात्मक अभ्यास!"

"तुलनात्मक म्हणजे?"

"म्हणजे दोन समोरासमोर ठेवायचे आणि बघायचं, कुणाची परिस्थिती कशी..."

मावशी म्हणाली, "मला म्हणला, धा ठिकाणं बघावी!"

मी घाईघाईनं प्रश्नावली पुढे केली. मामांनी ती मोठ्यानं वाचली. शेती किती, नोकरीस कोण, अविवाहित किती. प्रत्येक प्रश्नागणिक त्यांचा आवाज चढत गेला. शेवटी मला साक्षीदार आठवला. मी धावत जाऊन बाबारावांना हाताला धरून आणलं.

"बाबाराव, सांगा यांना, मी तुमच्या दारात कशाला आलो होतो?"

बाबारावांनी मामांकडे पाहिलं. मामांच्या हातात कागद होता.

"मला इचारू नका साहेब," ते हात जोडून म्हणाले, "मी इथला न्हाई. पाव्हणा हाव."

आणि ते आल्या पावली निघून गेले. मामांनी चपला पायात सरकवल्या. आई दारात नुसती उभी. आधीची दोन स्थळं माझ्या नोकरीमुळे गेली होती. हे माझ्या अकलेमुळे चाललं होतं. सुलूकडे बघायची मला हिंमत होईना. माझ्या एका पदवीसाठी मी तिचं घर बसण्याआधीच उठवलं, असं वाटून मला अक्षरशः रडू यायला लागलं.

तेवढ्यात सुलू बाहेर आली. तिनं माझ्या गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म ओढला, माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्या उभ्या भरायला लागली. भरून झाल्यावर तिनं तो मामांच्या हातात दिला आणि खाली बघत उभी राहिली.

मामा चपला घालूनच वाचू लागले.

"मूळ गाव : लातूर. सध्याच्या ठिकाणी किती वर्षे : जन्मल्यापासून. येथे समाधानी आहात का : नाही." त्यांनी चष्मा सारखा केला. "अधिक चांगले ठिकाण मिळाल्यास सध्याचे सोडाल का : हो. कोणते : नांदेड. इतर ठिकाणे पाहिलीत का : पाहायची नाहीत. स्थलांतराचे मुख्य कारण..." इथं मामा थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "...भाऊ."

मग मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "दादा, पोरगी सरळ हाय बघ! भाऊच तेवढा असा हाय."

"असा म्हणजे कसा?" मी विचारलं.

मामांनी मात्र हसण्याआधी कागद उलटा करून बघितला. "मागं कोरं कामून हाय?" मागे प्रश्नच नव्हते, एवढी खात्री झाल्यावर ते हसले. चपला काढल्या, बाजेवर नीट टेकून बसले आणि आईला म्हणाले, "चहा टाका विहीनबाई. सुपारी आजच फोडू." मावशीनं मला माझा चहा स्वतःच्या हातानं आणून दिला. मग मामांनी तो फॉर्म चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. मी मागितला तर म्हणाले, "लेखी हाय. ऱ्हाऊ द्या आमच्याकडं."

लग्न थाटात झालं. सुलू नांदेडला गेली आणि मी उरलेले फॉर्म घेऊन सरांकडे. सरांनी ते शांतपणे चाळले. एका बाजूला सगळे पाहुणे, दुसऱ्या बाजूला सगळी न शिकणारी लेकरं. त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"माधवराव, एवढ्या सगळ्यांत एखादं तरी खरं उत्तर मिळालं का तुम्हाला?"

"मिळालं होतं सर," मी म्हणालो. "पण ते नांदेडच्या मामांच्या बंडीत गेलं, आणि त्यात स्थलांतराचं मुख्य कारण म्हणून मीच आहे."