बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी काढलेला आण्णांचा फोटो

लिंबू-मिरची, अमावस्या, अंगात येणं... यातलं मी काही म्हणजे काहीच मानत नाही. आजही नाही. त्यामुळे हे वाचून कोणी मला शांतीबिंती सुचवू नका, डोकं आधीच फिरलेलं आहे.

नेरूळला आमची सोसायटी आहे, मी चौथ्या मजल्यावर. सात वर्षांपूर्वी बोनसमधून DSLR घेतला. मग पक्ष्यांसाठी 70-300 ची झूम लेन्स आणि पोर्ट्रेटसाठी 85 ची प्राइम लेन्स. कॅमेरा घेतला आणि मी सोसायटीचा फुकटचा फोटोग्राफर झालो! हळदीकुंकू, गणपती, कोणाच्या बाळाचं बारसं. "तुमच्याकडे कॅमेरा आहे ना, दोन क्लिक तर मारायचेत!" वरून फोटो लवकर दिले नाहीत की तोंडं वाकडी. या सगळ्याचा मला इतका वैताग आला होता की कोणी 'फोटो' म्हटलं तरी तिडीक जायची.

त्यात तळमजल्यावरचे जाधव आण्णा. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटमध्ये आयुष्यभर पोती वाहिलेली, आता रिटायर. दोन महिने मागे लागले होते. "सायेब, एक फोटू काढा की आमचा. ही आन मी. चांगला कंचाच न्हाय बगा."

"रविवारी बघू, आण्णा."

मे महिन्यातल्या एका रविवारी ते खरंच सकाळी साडेसहाला गेटजवळच्या बाकावर येऊन बसले. कडक इस्त्रीची टोपी, पांढरा सदरा. आणि मी? सारसोळेच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला निघालो होतो, भरती चुकत होती. हात हलवला आणि पुढे गेलो. दोन मिनिटांचं काम होतं हो... दोन मिनिटांचं!

गुरुवारी दुपारी आण्णा गेले. हार्ट अटॅक.

शनिवारी त्यांचा मुलगा संजय वर आला. "आण्णांचा फोटो हवाय फ्रेमला. घरात आधार कार्डाशिवाय काहीच नाही. गणपतीतला एखादा असेल तुमच्याकडे?"

कपाट उघडून कॅमेरा काढला, म्हटलं कार्डावर जुनं काही असेल. स्क्रीन चालू केली तर फ्लेमिंगोंच्या पुढे शेवटचा फोटो आण्णांचा.

बाकावर बसलेत, टोपी डोक्यावर, हात गुडघ्यांवर, डावीकडे सरकून बसल्यासारखे... शेजारी एका माणसाची जागा मोकळी. हसतायत. मिशीचा केस न् केस शार्प, मागचं गेट धूसर होऊन विरघळून गेलेलं. इतकं चांगलं पोर्ट्रेट मी आजवर काढलेलं नाही.

फोटोची माहिती बघितली. बुधवार, दुपारचे चार दहा. लेन्स 85.

आता ऐका. बुधवारी चार वाजता मी बेलापूरला ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, बारा माणसांसमोर. बायको-मुलगी सुट्टीसाठी रत्नागिरीला. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आणि 85? तिच्यात खाडीच्या दमट हवेनं बुरशी धरली होती म्हणून आदल्या आठवड्यापासून ती सर्व्हिस सेंटरला पडलेली. पावती आहे माझ्याकडे. कॅमेऱ्यावर अजून 70-300 च लावलेली होती!

कोणी कार्डावर मुद्दाम टाकला म्हणावं तर शेवटच्या फ्लेमिंगोचा नंबर 4116, आण्णांचा 4117. रागारागात तिथेच भिंतीचा एक फोटो काढला. 4118. म्हणजे कॅमेऱ्यानं तो फोटो आपलाच म्हणून मोजलेला!

संजय माझ्या खांद्यावरून बघत होता. आधी त्याचे डोळे भरले, मग आवाज चढला. "काढला होतात ना? मग तीन दिवस दाबून का ठेवलात? बघून तरी गेले असते!"

फ्रेमसाठी फोटो त्याला देऊन टाकला.

वॉचमनला गाठलं. तो म्हणाला, "बुधवारी? आण्णा एकटेच बसलेले की. टोपी सारखी करत होते, हसत होते. समोर कोणीच नव्हतं, साहेब." सीसीटीव्ही बघावा म्हटलं, तर महिनाभर बंद. चेअरमनशी कडाक्याचं भांडलो. उगाचच... राग कोणावर तरी काढायचा होता.

दहाव्याला आण्णांच्या बायकोसमोर, जाधवकाकूंसमोर बसलो. त्या येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "ह्यांनी काढला." मग मला म्हणाल्या, "बुधवारी घरी आले, लई खूश. म्हनले, सायबानं फोटू काढला बग. तुला बी हाक मारनार हुतो, पर तुजा डोळा लागलावता."

मला ते सहन होईना. "काकू, मी नाही काढला. शप्पथ. मी तर त्यांना टाळत होतो."

त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. रागावल्या नाहीत. शांतपणे विचारलं, "मंग ते कुनाकडं बगून हसत्यात?"

चार मित्रांना विचारलं, चौघंही म्हणाले, तूच काढला असशील, विसरलास. नाही विसरलो! तो फोटो मी काढला नाही, एवढी एकच गोष्ट मला जन्मभर पक्की आठवणार आहे.