लोटन कुणाच्या हातचं जेवेल?

जमनाबाईच्या संशयातून कुणीच सुटलं नाही. डॉक्टरने गोळी दिली तर ती आधी वास घ्यायची. मी तिची शेजारीण, पण माझ्या साखरेच्या वाटीतही तिला काहीतरी दिसायचं. सत्तरी गाठलेली ही बाई मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायची आणि चाळिशीतल्या मुलाला, लोटनला, सांभाळायची. लोटन स्वमग्न. बोलणं जवळजवळ नाहीच. आपल्यामागे त्याचं कसं होणार, हा एकच घोर तिला लागलेला.

अशात एका संस्थेची रिना यायला लागली. म्हणाली, तुम्ही थकलात, अधूनमधून मी बसत जाईन त्याच्याजवळ. तेही फुकट! झालं, जमनाबाईचं डोकं फिरलं.

"फुकट कोन करस वं?" ती मला म्हणाली. "पोऱ्याले लई जातीन, मंग घर बी गिळी टाकतीन."

लोटनला जेवायला कसं देता, असं रिनाने विचारलं तेव्हा ती गोड हसली. "भाकर चुर, वरतून दाय वत."

साफ थाप! कालवलेलं लोटनला बघवतसुद्धा नाही. डाळीचा थेंब भाकरीला लागला तरी तो ताट भिरकावतो. पोरगी एकदा तोंडघशी पडली की पुन्हा फिरकणार नाही, असा हिचा डाव.

त्यानंतर मी लेकीच्या बाळंतपणाला नवापूरला गेले आणि इकडे जमनाबाईला पथारीवर चक्कर आली. खुबा मोडला. लोटनपाशी रिनाच राहिली. मी परतले ती थेट दवाखान्यात गेले, तर मागोमाग रिना आली. मनगटावर लोटनच्या दातांचे वळ.

"मावशी, तुम्ही सांगितलं तसंच देते, पण तो कालपासून उपाशी आहे. माझंच काहीतरी चुकतंय. काय ते सांगा ना."

आपल्या शब्दावर कुणी इतका भरवसा ठेवेल, हे जमनाबाईच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी खोटं सांगं तुले," ती म्हणाली. "भाकर येगळी दे, दाय वाटीमां. आनि तो जेवस तवय त्यानाकडे देखू नको."

मला असा संताप आला! रिना मात्र तशीच घराकडे पळत सुटली.

संध्याकाळी तिचा फोन आला. लोटन जेवला होता.

"मन्ही याद काढी का?" जमनाबाईने विचारलं.

रिना घुटमळली. "नाही, मावशी. पोटभर जेवला आणि झोपला."

जमनाबाईने पदर तोंडाशी नेला आणि ती हमसून हमसून रडली. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "आते माले मरानं भ्याव वाटत नही."