चौकोनी खड्याची अंगठी

हिऱ्याची अंगठी मी पहिल्यांदा हातात धरली ती दुसऱ्याची होती. नांदेडच्या एका दवाखान्यात मी सिस्टर आहे. ऑपरेशन थिएटरला ड्यूटी असायची तेव्हा आमच्या एक मॅडम हात धुवायच्या आधी बोटातली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवायच्या. "सांभाळा हं सिस्टर." मी ती रुमालाच्या टोकाला बांधायची, खिशात घालायची आणि वरून सेफ्टी पिन लावायची. खडा चौकोनी होता. त्या आधी मला वाटायचं, हिरा म्हणजे गोलच असतो. हा चौकोनी, चारही कोपरे नीट, आणि थिएटरच्या त्या पांढऱ्या उजेडातही आतून असा हलायचा की वाटावं, पाण्यात ऊन पडलंय. ऑपरेशन चालू असताना मधेच खिशावरून हात फिरवून मी तो जागेवर आहे ना ते बघायची. आपल्याला असं काही आवडतं, हे मी कुणाला बोलले नव्हते. विचारणारं तरी कोण होतं?

माझा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मोटारसायकलवरून घरी येताना अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि त्याची आई. तिला मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंना एकच मुलगा, आणि मला माहेरी आईवडील उरलेले नाहीत. त्यामुळे वर्ष उलटलं तरी मी कुठं गेले नाही आणि त्यांनीही जा म्हटलं नाही. सकाळी त्या भाकरी करायच्या, मी डबा घेऊन ड्यूटीला जायची. लोक मला म्हणायचे, "सासूला सांभाळतेस, मोठं मन आहे." आत्याबाई बाहेर जाऊन बायकांना सांगायच्या, "सुनेला सांभाळून राहिले, काय करावं, तिला कोण हाय." दोघींचंही खरं होतं.

मग डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. नोकरी देवणीला, गाव बिलोलीकडचं. त्यांचे वडील घरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि आमच्या वॉर्डात आले. म्हातारा तिरसट. वॉकर धरून उभं राहायला तयार होईना. डॉक्टर त्याच्या शेजारी बसून राहायचे आणि मला म्हणायचे, "सिस्टर, बैल बसला तर मी उठवू शकतो. बाप बसला तर मला काही जमत नाही." मी म्हाताऱ्याला उठवलं, चालवलं, घरी पाठवलं. तरी डॉक्टर येत राहिले. कधी वडिलांचा एक्स-रे दाखवायला, कधी औषध विचारायला, आणि एकदा काहीच न घेता. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती, पुन्हा लग्न केलं नव्हतं, एवढं मला म्हाताऱ्यानंच सांगितलं होतं.

कॅन्टीनमध्ये चहा पिताना त्यांनी सरळ लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, "माझ्या घरी आत्याबाई आहेत. मी त्यांना सोडून कुठं येणार नाही."

"सोडून कशाला? त्यांनाही घेऊन या."

घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, मी मेथी निवडत बसले. त्या उठल्या, मुलाच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसली आणि आत जाऊन पडल्या. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "साखरपुड्याला अंगठी काय घेनार हाय तो?"

"मी नको म्हणणार आहे, आत्याबाई. अंगठीही नको आणि..."

"अंगठीचं इचारलं मी. बाकीचं न्हाई इचारलं."

त्याच आठवड्यात फोनवर डॉक्टरांनीही तेच विचारलं, तुम्हाला काय आवडतं? माझ्या तोंडून निघून गेलं, "हिरा. चौकोनी. अगदी बारीक असला तरी चालेल." आणि मी इतकी लाजले, की फोन ठेवून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

अंगठी घ्यायला लातूरला जायचं ठरलं. नांदेडच्या सराफ्यात गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं असतं, आणि आत्याबाईंना ते नको होतं. "आधी खडा बघू, मग लोकांचे डोळे बघू," म्हणाल्या. आम्ही दोघी सकाळच्या बसनं निघालो. आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. अहमदपूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "त्याचं नाव काढायचं न्हाई आज. डोळ्यात पानी आलं तर हिरा धड दिसायचा न्हाई." मी त्यांचा हात धरला. चाकूर गेलं, तरी त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

डॉक्टर देवणीहून येऊन स्टँडवर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल. आत्याबाईंच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला, पण जरा आखडताच.

पहिल्या दुकानात आम्हाला खुर्च्या मिळाल्या, थंड पाणी मिळालं, चौकोनी हिरा मात्र मिळेना. तिथली मुलगी गोल खड्यांचे ट्रेच्या ट्रे काढत होती. "मॅम, गोलच घ्या. चौकोनीला तेवढी चमक नसते." मी आपली "बरं, हेही छान आहेत" म्हणायला लागले. मला तशी सवयच होती. आत्याबाई उठल्या. "चौकोनी पायजे म्हनून तीन घंटे बसमदी बसून आलो आमी. चला."

दुसरं दुकान जुनं, अरुंद. सराफ चष्म्यावरून बघणारे, साठीतले. त्यांनी आमचं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "या आई कुणाकडच्या? मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. याचं उत्तर आम्ही ठरवलंच नव्हतं. माझ्या पहिल्या साखरपुड्यात हीच बाई मुलाकडची म्हणून समोर बसली होती. मला उभी करून, चालवून बघितलं होतं, पेपर वाचायला लावला होता, आणि भीतीनं माझी ओढणी घामानं भिजली होती.

आत्याबाईंनी पदर सावरला. "मुलीकडची," म्हणाल्या. "लेक हाय माझी."

मी खाली मान घालून काचेतल्या बांगड्या बघत राहिले. एकही दिसत नव्हती.

सराफांनी काळ्या मखमलीवर दोन खडे ठेवले. एक चांगला मोठा दिसणारा, एक लहान. दिव्याखाली दोन्ही झगझगत होते. डॉक्टर पटकन म्हणाले, "मोठा घ्या ना, सिस्टर."

सराफांनी मान वर केली. "सिस्टर?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "नर्स आहेत त्या. सवय लागली."

"मोडा ती सवय," आत्याबाई म्हणाल्या. "साखरपुड्यात सिस्टर म्हनलात तर पाव्हने उठून जातील." सराफ हसले, मी हसले, आणि त्या हसण्यानं माझी भीड चेपली. मी विचारलं, "हे खिडकीपाशी नेऊन बघू का?" बाळाला कावीळ आहे का, हे आम्ही ट्यूबलाइटखाली बघत नाही, उघड्या उजेडात नेतो. दुकानातल्या त्या दिव्यांखाली तर काचेचा तुकडाही हिरा दिसला असता.

"अवश्य बघा," सराफ म्हणाले आणि स्वतः दारापर्यंत आले. दारातल्या उजेडात मोठा खडा बदलला. कडेनं चमकत होता, पण मधोमध मेल्यासारखा काळपट. लहान खडा मात्र मधून कोपऱ्यापर्यंत सारखा जिवंत होता. जरा कलता केला की उजेड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा, कुठं अडकायचा नाही.

"मोठा दिसतो तो पसरट कापलाय," सराफांनी सांगितलं. "वरून पडलेला उजेड खालून निघून जातो, परत येत नाही. काही खडे उलट असतात. पोटात खोल, वजन सगळं खाली. पैसे वजनाचे द्यायचे आणि वरून दिसायला बारीक. बेताचा कापलेला चौकोनी खडा मिळायला वेळ लागतो." मग भिंग माझ्या हातात दिलं. "कोपरे बघा. चौकोनी हिरा टिचला तर कोपऱ्यातच टिचतो."

भिंग डोळ्याला लावायला मला जरा वेळ लागला. मग दिसलं. चारही कोपरे सुईसारखे नीट, बाजू सारख्या, आणि आत पैलूंवर पैलू. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते आणि मी तिथं दारात उभी राहून स्वतःसाठी एक वस्तू बघत होते. वॉर्डासाठी, घरासाठी, कुणाच्या लग्नात द्यायला म्हणून नाही. माझ्या बोटासाठी. भिंग मी लवकर खाली ठेवलंच नाही.

"मला बघू दे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, त्या भिंगातून काय दिसलं कोण जाणे. पण बराच वेळ बघितलं. "ह्योच," म्हणाल्या. "लहान हाय, पन सगळाच्या सगळा चमकतो."

मी हातात ग्लोव्हज घालते हे सांगितल्यावर सराफ म्हणाले, खडा उंच बसवायचा नाही, सोन्यात खाली बसवू, आणि चारही कोपऱ्यांवर सोन्याची इवलीशी टोपी देऊ. ग्लोव्हज फाटणार नाहीत आणि कोपरेही जपले जातील. बोटाचं माप दिलं. डॉक्टरांनी दर विचारून झाल्यावर माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. झालं.

स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घेतला. डॉक्टर खुशीत होते. "आत्याबाई, देवणीच्या क्वार्टरला मागची खोली तुम्हाला. सकाळचं ऊन येतं."

"मी न्हाई येनार."

"म्हणजे?"

"दुकानात काय बोलले मी? मुलीकडची. लेकीच्या सासरी माय ऱ्हात न्हाई. चार दिस पाव्हनी येईन, चोळी-बांगडी घेऊन जाईन."

त्या शांतपणे सुशीलातले शेंगदाणे वेचून खात होत्या. मला कळलं, बसमध्ये हात सोडवून घेतला नव्हता तो कशासाठी. मी म्हटलं, "मग मला अंगठी नको. फोन करून सांगते सराफाला."

"गप. पसंत केलेला खडा वापस करत न्हाईत." पण त्यांचा आवाज हलला होता.

मला रडू आवरेना. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. डॉक्टरांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, बशी नीट सरळ केली.

"मायनं लेकीच्या सासरी राहायचं नाही, बरोबर आहे," ते म्हणाले. "पण जावयानं सासूच्या घरी राहू नये असं कुठं आहे?"

आत्याबाईंनी वर बघितलं. "घरजावई?"

"हाव. शनिवारी येईन, सोमवारी पहाटे जाईन. बदलीचा अर्ज टाकतो, नांदेडच्या बाजूला कुठंही मिळाली तर."

"ह्या वयात घरजावई? लोक हसतील तुमाला."

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, आत्याबाई. म्हशीनं लाथ मारून शेणात पाडलं की अख्खं गाव हसतं. हसू द्या."

आत्याबाईंना आधी हसू आलं आणि मग त्या रडल्या, तोंडावर पदर धरून, हॉटेलातच. मुलगा गेल्यावर इतक्या मोकळ्या रडलेल्या मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. डॉक्टर उठून त्यांच्यासाठी अजून एक चहा सांगून आले.

साखरपुडा आमच्या नांदेडच्या घरातच झाला, बैठकीच्या खोलीत. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. मी हात पुढं केला, पण अंगठी पेरापाशी अडकली. आदल्या दिवशी डबल ड्यूटी झाली होती, बोटं सुजलेली. डॉक्टर घाबरून जोर लावेनात. "जनावराचा डाक्टर आणि एवढा नाजूक?" म्हणत आत्याबाईंनी आतून खोबरेल आणलं, माझ्या बोटाला स्वतः चोळलं, आणि डॉक्टरांचा हात धरून अंगठी सरकवून दिली. फोटोत आम्हा तिघांचे हात आहेत. कुणाचा कुठला ते सांगावं लागतं.

लोक हसले. काही जण आत्याबाईंना टाकूनही बोलले, पोटच्या पोराला विसरली म्हणून. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मुलाचा फोटो बैठकीत होता तिथंच आहे. डॉक्टरांनीच भिंत रंगवताना तो उतरवला आणि रंग वाळल्यावर पुन्हा त्याच खिळ्याला लावला, वाकडा नाही ना हे लांबून बघून.

लग्न झालं, बदली अजून झालेली नाही. डॉक्टर शनिवारी येतात. कुणाची गाय व्यालेली असली तर बरणीत चीक घेऊन येतात आणि आत्याबाई खरवस करतात, वेलची जास्त घालून, कारण डॉक्टरांना तसा आवडतो. मागच्या शनिवारी बस उदगीरलाच बंद पडली. मी ताटं घेतली, म्हटलं, "आत्याबाई, चला, ते येतील मागून."

त्या दाराच्या पायरीवर बसलेल्या, रस्त्याकडे तोंड करून. "तू जेव," म्हणाल्या. "तुला भूक आवरत न्हाई. माझा जावई येऊन राहिला, मी थांबते."

मग मीही ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले.