मामांनी स्वतःविरुद्ध केलेली सही

तक्रारदार: मी स्वतः, वय पंचावन्न, राहणार मल्लेश्वरम, बेंगळूर, व्यवसाय, कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणे, शिक्षण नववीपर्यंत, अनुभव भरपूर. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो इसम: मीच. अन्याय झालेली व्यक्ती: माझ्या पत्नीचे थोरले मामा, निवृत्त सर्व्हेअर. घटनेचे दिवस: मार्गशीर्षातला एक रविवार व पौषातला एक. साक्षीदार: माझी पत्नी, आमच्या पायी हिंडणाऱ्या मंडळाबरोबर चालायला कोरमंगल्याहून येणारी पुण्याची एक संगणक अभियंता मुलगी, आणि रागीचे, म्हणजे नाचणीचे, खळे राखणारी एक बाई, जिचे नाव विचारण्याचे मला सुचले नाही.

मामांइतके सावकाश चालून मामांइतका दूर पोचलेला दुसरा मनुष्य या शहरात नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. महिन्यातून एका रविवारी आमचे मंडळ हेब्बाळच्या पलीकडे, जिथे इमारती संपून शेते सुरू होतात तिथे पायी हिंडते. वाटेत तीन-चार खेडी, दोन जुनी चर्चे आणि पाण्याने भरलेल्या दगडाच्या खाणी लागतात. कित्येक वर्षे सर्वांच्या पुढे मामा असत. जन्मभर जमीन मोजल्यामुळे ते चालतानाही मनात पावले मोजत, आणि मध्येच कोणी बोलले की मोजणी चुकली म्हणून मागच्या झाडापर्यंत परत जात. एकदा त्या मुलीने आपुलकीने "गुड मॉर्निंग, मामा" म्हटले, तर आम्हा सगळ्यांना चिंचेपर्यंत माघारी जाऊन तो रस्ता दुसऱ्यांदा चालावा लागला. खाणीत शिरले की ते दगडावरचे छिन्नीचे घाव बोटांनी वाचत. "हा गडी डावखुरा होता," असे सांगत, "आणि हे काम जेवणानंतरचं आहे, बघा, घाव कसे वरवर पडलेत." चर्चमध्ये ते जोडे बाहेर काढून शेवटच्या बाकावर बसत, कोणता खांब कोणत्या खाणीतून आला ते ठरवीत, आणि पुढे त्या खाणीच्या काठावर उभे राहून तिला खुशाली कळवीत: "तुझा दगड ठीक आहे हो. छप्पर धरून आहे." लेकीच्या सासरी जाऊन आलेला मनुष्य जसे सांगेल तसे.

हे सर्व मी सहन केले. मात्र प्रत्येक गावाच्या वेशीवरचा त्यांचा नेम मला सहन होईना. वेशीजवळच्या कट्ट्यावर ते बसून राहत, आणि गावातले कोणी दिसेपर्यंत उठत नसत. कोणी आले की हात जोडून कन्नडमध्ये विचारत, "तुमच्या गावातून जाऊ का?" नाही कोणीच म्हणत नसे, पण मग ताक येई, सोयरीक विचारली जाई, आणि पाऊण तास जाई.

"मामा, हा सार्वजनिक रस्ता आहे," मी एकदा अधिकाराने सांगितले. "परवानगी कसली मागता?"

"जावईबापू, नोकरीभर मोजणीची साखळी घेऊन न विचारता लोकांच्या शेतात शिरलो. मला बघून बायका दार लावून घ्यायच्या. आता स्वल्प विचारून जाऊ द्या."

मार्गशीर्षातल्या त्या रविवारी चर्चच्या पायरीवरच दुपार झाली. पुण्याची मुलगी म्हणाली, "काका, आज पण माझं पीजीचं जेवण जाणार. दोनला बंद करतात ते."

माझी पत्नी म्हणाली, "मग लिहा ना अर्ज. तेवढंच येतं तुम्हाला."

तो टोमणा होता. मी ते काम समजलो. "सदर इसमाच्या वैयक्तिक लहरींमुळे समस्त सभासदांचा कालापव्यय होत असून, त्यांस पुढे चालण्याच्या जबाबदारीतून मुक्त करावे," असा मंडळाच्या अध्यक्षांच्या नावे मसुदा मी तिथेच उतरवला आणि सह्यांसाठी फिरवला. मामांनी तो पाहू नये अशी माझी इच्छा होती, पण कागद हातोहात त्यांच्यापर्यंत गेलाच. त्यांनी चष्मा लावला आणि तो दोनदा वाचला.

"मसुदा उत्तम आहे," ते म्हणाले. "पण चर्चमध्ये मी घालवलेली वीस मिनिटं राहिली की. तक्रार अर्धवट लिहू नये." समासात त्यांनी स्वतःच्या अक्षरात ती वीस मिनिटे लिहिली, खाली सही केली आणि कागद मला परत दिला. वाचकहो, लपवत नाही: त्या क्षणी मसुद्याच्या स्तुतीने मला आनंद झाला.

अर्ज मंजूर झाला. पौषात पुढे मी होतो; मामा घरीच राहिले. कट्टा ओलांडून आम्ही ताठ मानेने गावात शिरलो. खाणीकडची वाट जिथून वळते तिथे जमीन सारवून रागी मळायला पसरली होती. जोड्यांनिशी खळ्यावर पाय ठेवू नये हे या भागात सर्वांना माहीत आहे. मलाही माहीत होते. पण मला वेळेत पोचायचे होते, आणि मी ठेवला. मधोमध गेल्यावर ती बाई सूप घेऊन उठली. ती भांडेल या अपेक्षेने सार्वजनिक रस्त्याविषयीची माझी वाक्ये तयार होती. तिने माझ्या मागे, रांगेच्या टोकापर्यंत पाहिले.

"ताता बरलिल्वा?" आजोबा आले नाहीत? आणि मग घाबरून, "बरे आहेत ना ते?"

मला कन्नड उत्तम येते. तरी मी वळून पत्नीकडे पाहिले. "आहेत, आहेत," माझी पत्नी म्हणाली. बाई "सरी", म्हणजे बरं, म्हणून खाली बसली आणि माझ्या जोड्यांखालची रागी चिमटीने वेगळी करू लागली. पुण्याच्या मुलीने बूट काढून हातात घेतले. मी मात्र, आता काढले तर चूक कबूल केल्यासारखे होईल म्हणून, तसाच पलीकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो. त्यांनी कॉफी दिली, खळ्याची हकीकत ऐकली आणि रागी यंदा कशी आली आहे ते विचारले. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

"चला पुन्हा," मी म्हणालो.

"कसा येऊ? सही केलीय ना मी. उशीर होत होता हेही खरंच."

"अर्ज मी मागे घेतो."

"तुमची सही तुम्ही मागे घ्याल. माझी मी कशी घेऊ, जावईबापू?"

तेव्हापासून चालण्याचे दोन रविवार गेले. चाल वेळेत संपते. एक वाजता आम्ही परत असतो, मुलीला जेवण मिळते, आणि बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही.

सबब मामांना नम्र विनंती की, पूर्वीच्या अर्जातील समासाची वीस मिनिटे वगळता संपूर्ण मजकूर लिहिणाऱ्याच्या अहंकारातून आलेला आहे, असे मानण्यात यावे, व या अर्जास उत्तर मिळावे. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की उत्तर लेखीच मागा. मला लेखी नको. चालण्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आपण जोडे घालून घराच्या फाटकाबाहेर आलात, तरी ते पोचले असे समजेन. नाही आलात, तरी ते उत्तरच असेल. मी तिथे थोडा वेळ उभा राहीन.