कमलताईंनी परत केलेली झाडे

कमलताईंची आणि माझी पहिली ओळख सांगोल्याकडच्या एका माळावर झाली आणि ती माझ्या इस्त्रीच्या पँटला चांगलीच महागात पडली. आमच्या सोलापूरच्या शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. विज्ञान शिकवणाऱ्या ताईंबरोबर मुलांची सहल घेऊन गेलो, तर समोर नजर जाईल तिथवर नुसते गवत. "इथे बघायचं काय?" असे मी विचारले. ताई म्हणाल्या, "सर, माळ उभ्यानं दिसत नाही. खाली बसा." बसलो. पुढ्यातूनच एक चंडोल गात गात वर गेला, आणि लांब काळविटांचा कळप माना वर करून आम्हालाच बघत होता. पँटला लागलेली कुसळे काढताना घरी माझा यथासांग उद्धार झाला, पण त्या दिवसापासून मी ताईंचा शिष्य झालो तो झालोच.

निसर्ग म्हटला की लोकांना झाडे आठवतात. गवतातही नांदती घरे असतात, हे ताई जन्मभर सांगत आल्या. या नादापायी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला जाताना त्यांनी तारेवरचा पक्षी बघायला रिक्षा थांबवली आणि आम्ही पोचलो ते थेट पंगतीला. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना कधी उशीर झाला नाही. माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा ताई शुक्रवार पेठेतून रोज कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन दवाखान्यात यायच्या आणि "सर, आता तुम्ही घरी जाऊन झोपा," असे दटावून स्वतः उशाशी बसायच्या. ते ऋण मला फिटण्यासारखे वाटत नाही, आणि फेडायची घाईही नाही.

यंदा ताईंच्या अमृतमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांनी पंच्याहत्तर झाडे लावायचे ठरवले. कुठे, तर ताईंच्या लाडक्या माळावर! ताईंना अचानक आनंद द्यायचा म्हणून बेत गुप्त ठेवला होता. रोपे आली, पाहुणे ठरले. मी मुलीकडे पुण्याला होतो. परत आल्यावर कळले आणि कपाळाला हात लावला. लगेच जाऊन ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "झाडं लागली तर माळ संपला. आणि नको म्हणावं, तर पोरांनी इतक्या मायेनं आणलंय हो." त्यांना इतके हवालदिल मी कधी पाहिले नव्हते.

दोन दिवसांनी त्यांनी सगळ्या समितीला माळावर बोलावले. समितीचे अध्यक्ष श्रीशैल हे आता मोठे कंत्राटदार आहेत. ते खड्ड्यांची जागा दाखवायला ऐटीत पुढे निघाले.

"श्रीशैल, आहेस तिथंच थांब," ताई म्हणाल्या. "बुटाजवळ बघ."

मातीवर मातीच्याच रंगाची दोन अंडी होती. धाविक पक्ष्याची. घरटे असे नाहीच, उघडी जमीन हेच घर.

"झाड आलं की त्यावर कावळा येऊन बसतो, आणि ही अंडी त्याला आयती सापडतात. आता खड्डा कुठं घ्यायचा, तूच सांग बाळा."

श्रीशैल जागचे हलेनात. "बाई, हितं तर पायबी टाकता येईना की," ते म्हणाले.

मेंढरे घेऊन आलेले बिरूबा हसायला लागले. "झाडं लावली की कुंपान येतंय बगा. मंग आमी मेंढरं कुटं न्यायची? बाईंनी लई बेस केलं."

रोपे परत गेली आणि पेठेतल्या ज्याच्या त्याच्या दारात लागली. पाणी घालायचा हुकूम ताईंचाच, त्यामुळे अजून एकही वाळलेले नाही. पुढे ग्रामसभेत माळ चराईसाठी आहे तसाच राहावा, असे सर्वांत आधी बोलले ते श्रीशैलच. ठराव मंजूर झाला त्या दिवशी ताईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि माझ्याही.

"मग बाई, तुम्हाला भेट काय द्यायची?" या प्रश्नावर ताई म्हणाल्या, "दिलीत की. तेवढी सांभाळा."

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तुमच्या शंभरीलाही आम्ही सारे त्या माळावर येऊ, आणि तुम्हाला आवडेल तसेच येऊ. रिकाम्या हातांनी, पायाखाली बघत.