चौदा वाट्यांचा मान

माझे सासरे त्र्यंबकराव कर्णिक ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांच्या दप्तरातला कागद कधी हरवला नाही आणि पागोट्याचा पीळ कधी सुटला नाही. पण कोर्टातून घरी आले, की ते अंगरखा उतरवून थेट गोठ्यात जात आणि गाईच्या पुढ्यात बसून जलतरंग वाजवत.

मुंबईला एका शेठजींच्या बंगल्यावर त्यांनी हे वाद्य ऐकले होते. परत येताना चिनी मातीच्या चौदा वाट्या आणल्या: सात सूर खालचे, सात वरचे. वाटीत पाणी घालायचे, वेताच्या काडीने काठावर हलकेच मारायचे, म्हणजे सूर निघतो. पाणी वाढवले की सूर उतरतो, कमी केले की चढतो. वाद्य एवढेच.

अडचण सासूबाईंची होती. टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरात चिनी मातीचे भांडे उंबऱ्याच्या आत येत नसे. तांब्या-पितळ घासून चिंच लावली की शुद्ध होते. चिनी माती घासली तरी मातीच, असे त्या म्हणत. लोणच्याची बरणी चिनी मातीचीच होती, पण ती आजेसासूबाईंनी आणलेली होती, तेव्हा तिचा विचार वेगळा. वाट्यांना मात्र गोठा मिळाला.

गोठ्यात तांबू नावाची गाय होती. मामंजींची पाठ वळली की ती वाटीत तोंड घाली, आणि दर वेळी पहिल्याने खालच्या पंचमातच. गाईला चौदा वाट्यांतली तीच का आवडावी, हे मामंजींना शेवटपर्यंत उमगले नाही. त्यांनी वाटीची जागा बदलून पाहिली. तांबूने पंचम शोधून काढला.

मी १८८८ च्या मार्गशीर्षात या घरात आले. मुंबईच्या कॉन्व्हेंटात शिकलेली सून म्हणून शेजारच्या बायका मला पाहून जात. तिथल्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, रोजनिशी लिहिणे आणि पेटीवरचे सूर ओळखणे. दुसरी गोष्ट मामंजींना कळली, तेव्हापासून संध्याकाळी मी परसात तांदूळ निवडत बसले, की गोठ्यातून आवाज येई, "सूनबाई, गंधार खाली वाटतो का?"

मी म्हणे, "किंचित."

"मग अर्धी पळी पाणी काढतो."

ही पळीच पुढे घात करणार होती. पाणी मोजायला त्यांना नेमके माप हवे होते, आणि देवघरातली संध्येची तांब्याची पळी त्यांच्या मते कोर्टाच्या मापापेक्षा खरी. माझ्या रोजनिशीत आजही ते कोष्टक आहे: खालचा षड्ज साडेसहा पळ्या, ऋषभ पावणेसहा, आणि असेच पुढे. पंचमापुढे त्यांनी मला कंसात "तांबू वगळून" असे लिहायला लावले होते.

चैत्रातल्या एका सकाळी सासूबाईंना देवघरात पळी सापडली नाही. ती गोठ्यात सापडली, चिनी वाटीत बुडालेली. पळी चिमट्याने उचलून त्यांनी ती चुलीच्या निखाऱ्यांत शुद्धीला टाकली. मग मामंजी जेवायला बसले तेव्हा निर्णय सांगितला. वैशाखात कल्याणला सासूबाईंच्या भावाच्या, महिपतरावांच्या मुलीचे लग्न होते. तिथे मांडवात मामंजींनी वाजवावे.

"माझ्या माहेरच्या मांडवात, चार माणसांसमोर हे पार पडलं, तर वाट्या घरात येतील," त्या म्हणाल्या. "नाही पार पडलं तर येताना पुलावरून खाडीत."

मामंजींनी ताटातला भात तसाच ठेवून विचारले, "चौदाही?"

"चौदाही."

त्यानंतर महिनाभर त्यांनी भूप हा एकच राग वाजवला. तांबूला दुसऱ्या खुंट्याला बांधले, तरी ती मान लांब करी. महिपतराव सोवळ्याचे कडक होते, त्यांनी वाजवू देणेही कठीण. पण बहिणीचा निरोप आणि मेहुण्याचा मान, असे दोन्ही आल्यावर त्यांनी कळवले, की पंगत बसताना मांडवाच्या टोकाला वाजवा, मात्र भांडी पंगतीपासून दोन हात दूर असावीत.

लग्नाच्या दिवशी वाट्या भाताच्या तुसात बसवून टोपलीतून कल्याणला नेल्या. एकही फुटली नाही. मामंजी मांडवाच्या टोकाला पाटावर बसले, अर्धवर्तुळात वाट्या मांडल्या आणि तासभर सूर लावले. पळी आता नव्हती, शिंपला होता. सूर लागल्यावर, कान निवावेत म्हणून, डोळे मिटून काही वेळ स्वस्थ बसायची त्यांची सवय होती. दोन्ही हातांत काड्या धरून ते तसे बसले.

इकडे मुहूर्त लांबला होता आणि पंगत भराभर मांडली जात होती. रांगोळी घालणाऱ्या मुलींना टोकाला एक पाट आणि त्यावर माणूस दिसला, तेव्हा त्यांनी त्याच्याभोवतीही रांगोळी घातली. कोणी पुढ्यात केळीचे पान ठेवून गेले. दोन हातांचे अंतर रांगोळीने बुजले.

वाढप्यांत विश्राम नावाचा एक माणूस ठाकुर्लीहून आलेला होता. त्याला कर्त्या मंडळींनी एकच गोष्ट दहा वेळा बजावली होती: वरपक्ष पनवेलचा आहे, रुसायला निमित्त शोधणारा आहे, कोणाला काही कमी पडता कामा नये. मठ्ठ्याचे पातेले घेऊन तो टोकाला आला आणि थबकला. समोर पागोटेवाला गृहस्थ, पानाला हात न लावता, डोळे मिटून बसलेला. हातांत काड्या. आणि पुढे चौदा वाट्या, सगळ्यांत नुसते पाणी.

विश्रामने नंतर मला स्वतः सांगितले, ते असे. वरपक्षातला कोणी मोठा माणूस रुसून बसला आहे आणि कोणाच्या लक्षातही नाही, असे त्याला वाटले. त्याने एकेका वाटीतले पाणी हलकेच केळीच्या बुंध्याशी ओतले आणि चौदाही वाट्या काठोकाठ मठ्ठ्याने भरल्या. वर कोथिंबीर घातली.

बायकांच्या बाजूने मी हे पाहत होते. पण नवी सून भर मांडवात ओरडणार कशी? मी सासूबाईंकडे पाहिले. त्याही पाहत होत्या.

मामंजींनी डोळे उघडले. काडी उचलून षड्जावर मारली. थप्प, असा आवाज आला आणि त्यांच्या बाहीवर मठ्ठा उडाला. ते विश्रामला काही विचारणार, एवढ्यात समोरच्या ओळीतून नवऱ्या मुलाचे वडील, पनवेलचे भाऊसाहेब, यांनी पानावरून हात उचलला.

"आम्हाला एक द्रोण," ते म्हणाले, "आणि त्यांना चौदा वाट्या?"

एका क्षणात वरपक्षाच्या चाळीस माणसांनी पानावरून हात उचलले. महिपतराव धावत आले. भाऊसाहेबांना त्यांनी समजावले, की ते आमचे मेहुणे, ते जेवत नाहीत, ते वाद्य आहे. भाऊसाहेब म्हणाले, वाद्यात कोथिंबीर असते हे त्यांनी आजच ऐकले. मग महिपतरावांनी भर पंगतीत मामंजींसमोर हात जोडले, की वाट्या व्याह्यांच्या पानासमोर जाऊ द्या.

वाट्या गेल्या तर वाजवणे गेले, आणि वाजवणे गेले तर वाट्या खाडीत. मामंजींनी बाहीवरचा मठ्ठा पुसला. मग म्हणाले, "वाट्या देतो. पण मी त्यांच्यासमोर बसणार."

वाट्या सांडू न देता चौघांनी उचलून नेल्या. भाऊसाहेब चौदा वाट्यांच्या आत बसले आणि बाहेरच्या बाजूने मामंजी, काड्या घेऊन. सोवळ्याचा कडकपणा व्याह्यांकडेही होता, पण आपणच मागितलेला मान चिनी मातीचा निघाला म्हणून नाकारायचा कसा? त्यांनी पहिली वाटी उचलून एक घोट घेतला आणि खाली ठेवली.

मामंजींनी तिच्यावर काडी मारली. कान दिला. मग हात जोडून म्हणाले, "आणखी दोन घोट घ्या."

भाऊसाहेबांना तो आग्रह वाटला. लग्नातला आग्रह मोडत नाहीत. त्यांनी दोन घोट घेतले. मामंजींनी पुन्हा काडी मारली, चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "बस. आता एक थेंबही नको." मग दुसऱ्या वाटीकडे बोट दाखवले. "ही मात्र अर्धी संपवावी लागेल."

भाऊसाहेबांनी अर्धी संपवली. असा आग्रह त्यांना कोणीच केला नव्हता, घोट मोजून, प्रत्येक वाटीचा वेगळा. वरच्या सप्तकात वाट्या जवळजवळ रिकाम्या कराव्या लागतात. भूपाच्या शेवटच्या धैवताला ते थांबले, पोटावर हात ठेवला.

"हे एवढंच," मामंजी काकुळतीने म्हणाले. "माझ्यासाठी."

त्यांनी तेही घेतले, ढेकर दिली, आणि मामंजींनी भूप सुरू केला. पाण्यासारखा खणखणीत नाही वाजला. जरा आंबूस वाजला, असे मी त्या संध्याकाळी लिहून ठेवले आहे. पण सूर एकही चुकला नाही. भाऊसाहेब जागचे हलू शकत नव्हते, म्हणून पंगतही हलली नाही. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

परतीच्या गाडीत टोपली सासूबाईंच्या मांडीवर होती. खाडीचा पूल आला तेव्हा मामंजींनी खिडकीबाहेर पाहायचे टाळले. सासूबाईंनी टोपलीचे झाकण नीट दाबून बसवले.

"पनवेलच्या व्याह्यांनी ज्यात तोंड घातलं, त्या भांड्यांना विटाळ म्हणायचा म्हणजे दादाच्या मुलीचं सासर बाटवायचं," त्या म्हणाल्या. "घरात येऊ देत."

वाट्या घरात आल्या. पण व्याही जेवल्यामुळे त्या आता जेवणाच्या वाट्या ठरल्या. सासूबाईंनी त्या फडताळात लावल्या आणि पाहुण्यांना त्यांतच आमटी वाढायला लागल्या. मामंजींचा रियाज दुपारची भांडी घासून झाल्यावर आणि दिवेलागणीला पाने मांडायच्या आधी, तेवढ्यात बसे. संध्याकाळी कोणी जेवायला असले, तर वाट्या मधूनच उचलल्या जात.

पहिले काही महिने त्यावरून कुरकुर झाली. मग एके दिवशी सासूबाईंनी मला फडताळाशी बोलावून विचारले, की यांचं वाजवणं कोणत्या वाट्यांवाचून चालतं. मी सांगितले, भूपात मध्यम आणि निषाद लागत नाहीत. दोन्ही सप्तकांतले मिळून चार होतात. त्या वाट्यांच्या बुडाशी त्यांनी कुंकवाचा ठिपका दिला.

त्यानंतर आमच्याकडे चार जणांपर्यंत पाहुणे आले, की मामंजी भूप वाजवत. पाचवा आला, तर सासूबाई त्याला केळीच्या पानाच्या द्रोणात आमटी वाढत.